मोहरील मॅडमचं डिक्टेशन

दुपारी जेवण झालं की मी खिडकीजवळच्या खाटेवर पडते. खालून दोन बायका बोलत जातात. भाजी, नळ, कुणाच्या तरी मुलीचं लग्न, असं अर्धवट काहीतरी कानावर येतं, आणि माझा उजवा हात चादरीवर आपोआप हलायला लागतो. अंगठा आणि तर्जनी जुळतात, एक बारीक रेघ, एक जाड रेघ, वर एक टिंब. सून बघते आणि म्हणते, "आई, लिहू नका आता. झोपा." मी झोपलेलीच असते. हात जागा असतो.

मी कोर्टात स्टेनो होते. कोर्ट नाशिक जिल्ह्यातलंच, कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढं येणारी नावंही बदलली आहेत. नोकरीतले किती खटले मला आठवतात म्हणाल, तर फारच थोडे. लघुलेखन करताना माणूस ऐकतो, पण ऐकत नाही. शब्द कानातून आत येतात आणि बोटांतून बाहेर जातात, मधे मन कुठंतरी गोदावरीच्या पाण्यावर तरंगत असतं. म्हणून माझ्याजवळ खटले उरले नाहीत, आवाज उरले. त्यांतला सगळ्यांत जवळचा आवाज मोहरील मॅडमचा.

आमच्या कोर्टात सेशन्सच्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या बाई. त्या यायच्या आधी बारमध्ये चार महिला वकील होत्या आणि स्टाफवर आम्ही दोघी. दगडी इमारत साहेबाच्या काळातली; ती बांधणाऱ्याच्या डोक्यात इथं कधी बायका काम करतील असं आलंच नसावं, कारण बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आम्ही सकाळी घरून निघताना चहा पिणं सोडलं होतं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या चेंबरच्या स्वच्छतागृहाची दुसरी किल्ली करून घेतली आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. म्हणाल्या, "ही सगळ्यांची. विचारायचं नाही, घ्यायची." पुढची तीन वर्षं ती किल्ली महिला वकिलांच्या हातातून फिरत राहिली.

मॅडम मूळच्या वऱ्हाडातल्या. उंची बेताची, केस करडे, आवाज अतिशय हळू. चांदवडकडचे एक शेतकरी बांधाच्या भांडणासाठी आले होते. मॅडम खुर्चीवर बसलेल्या, पुकारा झालेला, तरी ते पाच मिनिटं हात जोडून उभे. शेवटी त्यांनी मॅडमनाच विचारलं, "ताई, साहेब कधी येतील?" कोर्टात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. "आलेत," एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं पान उलटलं. ज्येष्ठ वकील सवयीनं त्यांना 'सर' म्हणून जायचे आणि मग स्वतःच चपापायचे. काही जण मुद्दाम आवाज चढवून बोलायचे. तेव्हा मॅडम आपला आवाज आणखी खाली न्यायच्या, इतका खाली की ऐकण्यासाठी समोरच्याला गप्प बसावंच लागायचं.

त्या कॉलेजात कायदा शिकत होत्या तेव्हा दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. पहिली नेमली गेली तोवर मॅडमची वकिली सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. ती बातमी वाचून त्यांच्या वडिलांनी पेपर घडी करून देवाजवळ ठेवला होता, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. एरवी स्वतःबद्दल बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

स्टेनोचं काम आता समजावून सांगावं लागतं. हल्ली न्यायाधीश बोलतात ते समोरच्या पडद्यावर उमटतं. आमच्या वेळी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून त्याच्या बोलीत बोलायचा. न्यायाधीश ते ऐकून, नीट वाक्य बांधून सांगायचे, आणि ते वाक्य म्हणजे साक्ष. पुष्कळ कोर्टांत ती थेट टाइपरायटरवर घेत. मॅडमना तो खडखडाट चालायचा नाही, साक्षीदार बुजतो म्हणायच्या. म्हणून साक्षसुद्धा मी वहीत घ्यायची, मग टाइप करायची, साक्षीदाराला वाचून दाखवायची आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. माझी एक खोड होती. वकिलांचा प्रश्न आणि साक्षीदाराचं उत्तर, तेही मी लिहून जायची आणि त्याखाली मॅडमचं वाक्य. हाताला थांबणं माहीत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

आणि स्टेनोचा एक नियम. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. स्टेनोला दोन कान आणि एक हात असतो, तोंड नसतं.

यमुनाचा खटला उभा राहिला तेव्हा थंडी संपत आली होती. यमुना पेठच्या बाजूची, डोंगरातल्या एका पाड्यावरची. वय पंचविशीच्या आत. नवऱ्याला विष घालून मारल्याचा आरोप. नवरा द्राक्षबागांवर मजुरीला जायचा, हंगाम संपवून घरी आला तो तापानं फणफणलेला, आणि दोन दिवसांत गेला. पोटात फवारणीचं औषध सापडलं. घरात तशी बाटली सापडली. पाहिलेलं कुणी नाही. मग तिनं हे का केलं, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर पोलिसांच्या कागदात तयार होतं. नवऱ्यानं मजुरीवरून दुसरी बायको आणली होती, म्हणून हिनं रागानं त्याला संपवलं. ती दुसरी बायको कुठं गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. गुजरातकडं पळाली असेल, असं म्हणून तो विषय मिटवला होता.

यमुना आरोपीच्या पिंजऱ्यात भिंतीला टेकून बसायची. तिची मुलगी, अटकेच्या वेळी दीड वर्षाची, पाड्यावर शेजारच्या भिकीबाईकडं होती. ही भिकीबाई सरकारची साक्षीदार. नवरा-बायकोचं पटत नव्हतं एवढं तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. म्हातारी लुगड्याचा पदर तोंडावर धरून उभी राहिली. बाहेर तिला कुणीतरी बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांगायचं, जास्त बोललीस तर तुलाच आत घालतील.

सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी यमुना सोडून घरात दुसरी बायको होती का?"

"व्हती," भिकीबाई म्हणाली.

वकील समाधानानं खाली बसले. मॅडमनी त्यांच्या हळू आवाजात वाक्य बांधलं: 'घटनेच्या दिवशी मयताची दुसरी बायको घरात होती.' मी ते लिहिलं. लिहिताना माझ्या बोटांत काहीतरी अडकलं.

माझं माहेर सायखेड्याचं. आमच्या मळ्यावर छाटणीला पेठकडची माणसं यायची आणि दोन-दोन महिने राहायची. मी लहान असताना त्यांच्या चुलीपाशी जाऊन नागलीची भाकर खायची. त्यांतली एक जण मला म्हणाली होती, "तुझी आय लय चांगली बायको हाय." मी तिच्याशी भांडले होते. आई बायको कशी असेल, ती तर आई आहे. सगळ्या हसल्या होत्या. मग कळलं, त्यांच्याकडं बायको म्हणजे बाई. नुसती बाईमाणूस, कुणाचीही असो.

'दुसरी बायको होती का' याचा अर्थ भिकीबाईनं 'आणखी कुणी बाई होती का' असा घेतला असणार. मला ते त्याच क्षणी कळलं. त्याच क्षणी. हे मी इतकं ठामपणे लिहिते आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की ते नंतर कळलं.

मी साक्ष टाइप केली. भिकीबाईला वाचून दाखवली. 'मयताची' म्हणजे कुणाची हे तिला उमगलं नाही, 'दुसरी बायको घरात होती' एवढं तिला ऐकू आलं, आणि तिनं मान हलवली. मी तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. तो थंडगार होता आणि साबुदाण्याच्या पापडासारखा खरखरीत. बचावाचे वकील मोफत विधी सेवेतून नेमलेले, नवे. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि तेही खाली बसले.

मी का बोलले नाही? तोंड नसतं म्हणून. वकील आहेत की विचारायला, म्हणून. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना मी काय सांगणार, म्हणून. खरं कारण याहून लहान होतं. आमच्या कोर्टात पहिल्यांदाच सेशन्सला बाई आल्या होत्या, आणि बार रूममध्ये सगळे त्यांची एखादी चूक होण्याची वाट बघत होते. त्यांची चूक भर कोर्टात मी दाखवायची, हे मला शक्य नव्हतं. मला वाटायचं, मी त्यांना जपते आहे.

त्यानंतर पाच महिने गेले. तारखा पडत राहिल्या. डॉक्टर आले, पंच आले. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा यमुनाच्या पायाशी यायचा आणि सरकत सरकत माझ्या टेबलापर्यंत पोचायचा. त्यात धूळ तरंगायची. मी यमुनाकडं बघायची आणि लिहायची. तिला काय चाललंय ते समजत नव्हतं. सगळ्या कोर्टात ती फक्त पंख्याकडं बघायची. घरी दुपारी डोळा लागला की मला दिसायचं, मी पाटीवर 'बायको'ची रेघ काढते आहे आणि पाण्याचा हात फिरवून पुसते आहे, आणि ती पुसली जातच नाही. लघुलेखनात घाईत आम्ही स्वर लिहीत नाही. नुसता सांगाडा असतो शब्दाचा. त्यात अर्थ कोणता भरायचा, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

निकालाचं डिक्टेशन चेंबरमध्ये सुरू झालं. मॅडमची एक सवय होती, निकाल सांगताना त्या चपला काढून गार फरशीवर खिडकीशी उभ्या राहायच्या, पाठ माझ्याकडं. आवाज पाण्यासारखा एका लयीत वाहायचा. पहिला दिवस वैद्यकीय पुराव्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हेतूवर आल्या. "साक्षीदार क्रमांक सहा हिच्या साक्षीवरून हे शाबीत होते की, मयताने दुसरी बायको घरात आणली होती. सबब आरोपीच्या मनात..."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत डिक्टेशन चालू असताना तो कधी थांबला नव्हता. पेन्सिल कागदावर फिरण्याचा आवाज बंद झाला, तशा मॅडम वळल्या.

"काहून थांबलात?"

'का'साठीचा हा वऱ्हाडी शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, भिकीबाईकडं बायको म्हणजे बाई. नुसती बाई."

त्या टेबलाशी आल्या. मग म्हणाल्या, साक्षीची वही आणा. मी आणली. पान काढलं. वकिलांचा प्रश्न वाचला, भिकीबाईचं 'व्हती' वाचलं, खालचं वाक्य वाचलं.

"'मयताची' हा शब्द कोणाचा?"

"तुमचा, मॅडम."

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या, हात समोरच्या कोऱ्या कागदावर ठेवून. मग जसं स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. लॉ कॉलेजात पहिल्याच वर्षी उभं राहून त्यांनी प्राध्यापकांना 'काहून' म्हटलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. वर्गात त्या धरून दोनच मुली होत्या. त्या दिवसापासून त्यांनी आपली बोली मोडून टाकली, शुद्ध बोलायला शिकल्या, घरीसुद्धा. "बोरस्तेबाई," त्या म्हणाल्या, "मी माझी भाषा इतकी घासली, की दुसऱ्याची मला ऐकूच येईनाशी झाली."

निकाल अजून जाहीर झाला नव्हता. तोपर्यंत न्यायाधीशाला साक्षीदार पुन्हा बोलावता येतो. मॅडमनी तसा हुकूम लिहायला घेतला. मी म्हटलं, चूक माझ्या टाइपिंगची होती असं लिहा. बारमधल्या एका ज्येष्ठांच्या कानावर गोष्ट गेली होती, त्यांनीही चेंबरमध्ये येऊन तेच सुचवलं. स्टेनोवर टाका, तुमच्या पुढच्या वाटचालीच्या दृष्टीनं ते बरं. मॅडम त्यांना इतकंच म्हणाल्या की साक्ष मी सांगितली आहे आणि सहीही माझी आहे. हुकुमात त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'साक्षीदाराच्या बोलीतील शब्दाचा अर्थ लावताना या न्यायालयाकडून चूक झाली असावी असे दिसते.' या वाक्याच्या वेळी त्यांचा आवाज जराही हलला नाही.  माझी रेघ वाकडी आली.

भिकीबाई पुन्हा आली. पेठचे एक निवृत्त मास्तर दुभाषे म्हणून शेजारी उभे होते, पण मॅडमनी प्रश्न स्वतःच विचारला.

"आजी, त्या दिवशी घरात दुसरी बायको होती म्हणालात. ती कोण?"

म्हातारीनं मास्तरांकडं बघितलं, मग मॅडमकडं. एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून हे काय विचारतात, असं तिला वाटलं असावं.

"मी," ती म्हणाली. "आनखी कोन?"

 मग मॅडम एकेक विचारत गेल्या आणि भिकीबाई सांगत गेली. त्याला ताप होता. ती त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. यमुना झऱ्यावर पाण्याला गेली होती, पोरीला कडेवर घेऊन. तो मधेच उठला, कोनाड्यातली बाटली घेतली, तापाचं औषध समजून तोंडाला लावली. बागेवरून त्यानंच फवारणीचं औषध आणलं होतं, खोकल्याच्या औषधाच्या त्या बाटलीत भरून. भिकीबाईला वाचता येत नव्हतं, त्यालाही नव्हतं. यमुना हंडा घेऊन आली तेव्हा तो ओकत होता.

सरकारी वकिलांनी विचारलं की हे पोलिसांना का सांगितलं नाही, आधीच्या साक्षीत का सांगितलं नाही. भिकीबाई म्हणाली, "इचारलं नाय."

यमुना सुटली. निकाल ऐकूनही तिला समजलं नाही. मास्तरांनी तिच्या बोलीत सांगितलं तेव्हा ती पिंजऱ्यातच खाली बसली. दारापाशी भिकीबाई मुलीला घेऊन उभी होती. मुलगी आता तीन वर्षांची झालेली. यमुना जवळ गेली, हात पुढं केले. मुलीनं भिकीबाईच्या लुगड्यात तोंड लपवलं आणि विचारलं, "ही बायको कोन?"

मॅडम उठून आत जायच्या बेतात होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी सांगायची गरज नव्हती. त्या चेंबरमध्ये गेल्या. त्या दुपारी डिक्टेशन झालं नाही. मी बाहेर बाकावर वही घेऊन बसून होते, आत पाण्याचा नळ बराच वेळ वाहत होता.

मुलगी दीड वर्षाची असताना यमुना आत गेली, ती तीन वर्षांची असताना बाहेर आली. तारखा वेगळ्या केल्या तर, अटकेपासून साक्षीपर्यंतचा काळ माझा नव्हता. साक्षीपासूनचे पाच महिने माझे होते. मुलगी कितव्या महिन्यात आईचा चेहरा विसरली, हे कोण सांगणार.

मॅडमची बदली झाली. पुढं उच्च न्यायालयात त्या न्यायमूर्ती झाल्या, पण उशिरा, थोडीच वर्षं मिळाली. त्या हुकुमामुळं उशीर झाला असं काही जण म्हणायचे. मला माहीत नाही, आणि मॅडमना विचारण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. शपथविधीच्या बातमीत त्यांचा फोटो होता. दुसऱ्या वर्षी कामानिमित्त मुंबईला गेले तेव्हा मी त्यांच्या कोर्टात मागं जाऊन बसले. उंच छत, काळे कोट, इंग्रजी कुजबुज. सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. एक वकील मोठ्या आवाजात बोलत होते. मॅडमनी आवाज खाली नेला आणि हळूहळू सगळं दालन शांत होत गेलं. त्यांनी मला बघितलं की नाही, कळलं नाही. माझा हात पर्सवर लिहीत होता.

गेल्या हंगामात मी सायखेड्याला भावाकडं गेले होते. द्राक्षांची विरळणी चालू होती. बागेत हिरवा उजेड होता, वेलींच्या मांडवाखाली बायका कात्र्या घेऊन उभ्या होत्या. पेठकडची टोळी आहे, वहिनी म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात गेले. एक जण बांधाला टेकून बसली होती, भिंतीला टेकून बसावं तशी. केस पांढरे झाले होते. मी नाव विचारलं. तेच होतं. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? तिनं तर पंखाच बघितला होता.

मी तिला सांगितलं. मी त्या कोर्टात लिहिणारी बाई. भिकीबाई बोलली तेव्हाच मला शब्द कळला होता आणि मी पाच महिने गप्प बसले. मी हे सलग बोलले, डिक्टेशन दिल्यासारखं, कारण थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

यमुना भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. मग तिनं तो तुकडा खाली ठेवला.

"तव्हाच सांगाया पायजे व्हतं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. मी मान हलवली. ती थोडी बाजूला सरकली आणि तिच्या खालच्या पोत्यावर माझ्यापुरती जागा झाली. मी बसले.